अर्जदार लखीराम पूनमसिंग

१ मे १९६०, यवतमाळ

आजपासून राज्य मराठी माणसाचं झालं. कचेरीवर दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या, त्यातल्या निम्म्या पेटल्या. शाळेच्या पोरांना पेढे वाटले. एकेक पेढा हातात पडेपर्यंत तीन-तीन भाषणं ऐकावी लागली, म्हणजे पोरांनी ते कमावूनच खाल्ले म्हणायचे.

नवी वही आजच काढली. अठरा वर्षं या कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो आहे. ज्याला साहेबापुढे बोलता येत नाही तो माझ्यापुढे बोलतो, आणि मी त्याचं रडगाणं 'मेहेरबान हुजुरांचे सेवेशी' असं चांगलं इस्त्री करून देतो. गावातल्या साप्ताहिकात 'चिमटे' हे सदरही माझंच. ज्याला चिमटा बसला तो सोडून सगळे रस्त्यात थांबवून दाद देतात. लमाणाच्या तांड्यातून आलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं?

हवं आहे. आमचा लखीराम वकील व्हायला हवा. सोळा संपलं, यंदा अकरावीत जाईल. आता कोर्टातही मराठी येणार म्हणतात. काळा कोट घातलेला आमच्या तांड्यातला पहिला माणूस! अडचण एकच, त्याची जीभ अडखळते. सातव्या वर्षी तांड्यातून इथं आणला तेव्हा दिवसभर चिवचिवाट करायचा. चौथीपासून अडखळायला लागला. डॉक्टर म्हणतात जिभेत दोष नाही. मग दोष सवयीत असणार. सवय मोडणं माझ्या हातात आहे.

४ मे

घरात मराठीच बोलायची हा नियम तसा जुना, पण पाळण्यात ढिलाई फार. आज पुठ्ठ्यावर ठळक लिहून दारामागे लावला. आमची गोरबोली बंद. 'बा' म्हणायचं नाही, 'बाबा' म्हणायचं. 'याडी' नाही, 'आई'. पुस्तकात असते तशी भाषा.

हंसाबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, पुठ्ठा वाचून घेतला आणि विचारलं, "अन् म्या वऱ्हाडी बोलली तं चालते का?"

"चालेल. मराठीच आहे ती, फक्त अंघोळ न केलेली."

"मंग पाणी तापवा तुमी," म्हणाली आणि आत गेली.

हा नियम मी हौसेनं केलेला नाही. पहिल्यांदा शाळेत गेलो तेव्हा तहान लागली म्हणून आमच्या बोलीत पाणी मागितलं. मास्तरांनी बाकावर उभं केलं आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. पोरं बैलासारखी हंबरत होती. पाणी मिळालं ते शाळा सुटल्यावर. माझ्या पोरावर ती पाळी येणार नाही.

९ मे

जेवताना लखीराम म्हणाला, "बाबा, मी उ— उ— उद्या—"

मी म्हटलं, "उद्या उजाडेपर्यंत हे वाक्य पुरं होईल ना?"

कुणी हसलं नाही. घरात दाद मिळत नाही हे लिहिणाऱ्याचं जुनंच दुःख आहे. लखीराम ताट तसंच ठेवून उठला. हंसाबाईकडून मागाहून कळलं, त्याला उद्या मारेगावच्या मोटारीनं दादीकडे, तांड्यावर जायचं होतं. मग तसं सांगायचं सरळ.

एक चांगलं चिन्ह मात्र दिसतं. पूर्वी स्वयंपाकघरातून मायलेकांची बोलीतली कुजबूज, हसणं ऐकू यायचं. आता माझी चप्पल ओसरीवर वाजली की आत एकदम शांत. नियम पाळला जातो आहे.

३० जुलै

शाळेत पंधरा ऑगस्टला वक्तृत्व स्पर्धा आहे. लखीरामचं नाव मी स्वतः जाऊन दिलं. हेडमास्तर माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी लंगड्याचं नाव शर्यतीत घालतोय. भाषण मीच लिहून दिलं, 'वक्तृत्व हा लोकशाहीचा प्राण'. चार पानं. असं भाषण या जिल्ह्यात आजवर झालं नसेल. रोज सकाळी अंगणात उभं करून म्हणून घेतो. अडकला की मी शब्द पुरवतो. निम्मं भाषण आता मलाच पाठ झालं आहे.

१५ ऑगस्ट

लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

व्यासपीठावर चढला. अंगात इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. "अ— अ— अ—" एवढंच. मी पहिल्या रांगेत होतो. हळूच शब्द पुरवला: "अध्यक्षमहाराज!" हळूच म्हणजे मंडपाला ऐकू जाईल इतपत, माझा आवाज मुळातच पल्लेदार. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पुढचं वाक्य पुरवलं. मग त्याच्या पुढचं. तिसऱ्या वाक्याला तो खाली उतरला आणि दोन रांगांमधून चालत मंडपाबाहेर गेला.

मागून एक वकीलसाहेब म्हणाले, "पूनमसिंग, बक्षीस तुम्हालाच द्यायला पाहिजे बुवा." सगळे हसले. विनोद चांगला होता. मला का लागला कळत नाही.

१६ ऑगस्ट

'चिमटे' लिहायला बसलो. काही सुचलं नाही.

२४ ऑक्टोबर

दिवाळीला तांड्यावर गेलो होतो. मारेगावच्या अलीकडे मोटार सोडायची आणि पुढं चालत. वाटेत पाय आपोआप हलके होतात. या वाटेनं माझा आजोबा मिठाच्या गोण्या बैलांच्या पाठीवर लादून आणायचा. रेल्वे आली, मोटारी आल्या, आणि लदेणी, म्हणजे तो बैलांवरचा व्यापार, बसली. पण माझी आई, भुरीबाई, अजून ते बैल नावानिशी सांगते. कोणता पुढं चालायचा, कोणाच्या गळ्यात मोठी घंटी, कोण नदीत उतरायला नाही म्हणायचा. लहानपणी मी तिच्या मांडीवर पडून त्या बैलांची नावं म्हणत झोपी जायचो. परवा आठवून बघितली. अकरा आठवली. बाकीची गेली.

आई माझ्याशी आमच्या बोलीत बोलते आणि मी मराठीत उत्तर देतो. तिची कधी तक्रार नाही. या खेपेला मात्र म्हणाली की तू आलास की घरात पाहुणा आल्यासारखं वाटतं, नीट बसावं लागतं. (मराठीत आणलं तर असंच काहीसं होईल.)

लखीराम परत आला नाही. आमची मोटार निघाली तेव्हा तो काकाच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, रामसिंगच्या शेतात होता. रामसिंग म्हणाला, "राहू दे दादा आठ दिस. पोरगं सुकून गेलं."

"अकरावीचं वर्ष आहे."

"तं का झालं? आमचे बैल का नापास झाले कधी?"

२० नोव्हेंबर

आठ दिवसांचा महिना झाला. मी तीन पत्रं टाकली. दुसऱ्यात तर विद्येवर संस्कृत सुभाषित घातलं होतं. एकाचंही उत्तर नाही. शुद्धलेखनाच्या चुका काढीन म्हणून भीत असावा. मागच्या वर्षीचं त्याचं पत्र मी लाल पेन्सिलीनं तपासून परत पाठवलं होतं, त्याच्या भल्यासाठीच.

११ डिसेंबर, तांडा

शेवटी स्वतः आलो. आणि काय ऐकलं! कसं लिहू?

पोचलो तेव्हा तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाच्या घरासमोर नसाब बसली होती. नसाब म्हणजे आमची पंचायत. इथं वकील नाही, स्टॅम्प नाही, अर्जनवीस तर नाहीच. ज्याचं म्हणणं असेल त्यानं उभं राहून तोंडानं मांडायचं, आणि ज्याला मांडता येत नाही त्यानं आपला बोलणारा नेमायचा. सुरुवात राजा भोजाच्या सभेपासून करावी लागते. ती लांबण लावताना भल्याभल्यांची दमछाक होते. मी मागं, गोठ्याच्या कुडाला टेकून उभा राहिलो.

तंटा साधा. सुखीबाई नावाच्या एकट्या बाईची ज्वारी कुणी रात्रीतून चारली. तिचा संशय गुलाबसिंगच्या ढोरांवर. गुलाबसिंग नायकाचा चुलतभाऊ. त्यानं उभं राहून सांगितलं, रानडुकरं होती, जंगलाला लागून शेत आहे, त्याला मी काय करू. सगळ्यांनी माना हलवल्या. नायकाच्या भावाचं बोलणं मानेला लवकर पटतं. मग नायकानं सुखीबाईला विचारलं, तुझा बोलणारा कोण? ती म्हणाली, लखीराम.

मला वाटलं आता पळावं इथून. पोराची फजिती दुसऱ्यांदा बघायची माझ्यात ताकद नव्हती.

तो उभा राहिला. राजा भोजाची सभा त्यानं एका दमात बांधली. एका दमात! शब्द नदीसारखे. आमच्या बोलीत झालं ते इथं मराठीत उतरवतो, हात आता त्यालाच सरावलाय.

"पंचांनी गुलाबकाकांचं ऐकलं. माझंही तेच म्हणणं आहे, डुकरंच होती. फक्त मला त्या डुकरांचं कौतुक वाटतं. आपल्याकडची डुकरं ज्वारीची ताटं मोडून, आडवी पाडून, चिखल करून खातात. ही सुधारलेली. उभ्या ताटाचा शेंडा तेवढा खुडला, बाकी हात लावला नाही. गळ्यात घंटी बांधून आली, सुखीबाईनं ऐकली. अन् जाताना काकांच्या घरची रीत पाळून बांधावर शेण टाकून गेली."

पंचायत फुटली हसून. गुलाबसिंगसुद्धा मिशीत हसला. मग त्याला आठवलं की हसायचं नाही. लखीराम थांबला नाही. नाकावर न घातलेला चष्मा त्यानं बोटानं वर सरकवला, मान जराशी तिरपी केली, आणि मराठीत, बघा, मराठीत! म्हणाला, "मेहेरबान हुजुरांचे सेवेशी, सदरहू डुकरांचा नम्र अर्ज ऐसा जे—"

लोक लोळायचे बाकी राहिले. मीही हसलो. पोटभर हसलो. मग लक्षात आलं की मान तिरपी करण्याची ती लकब माझी आहे.

पंचांनी गुलाबसिंगला आपल्या शेतातली ज्वारी सुखीबाईच्या घरी पोचती करायला लावली. लखीरामनं वळून मला बघितलं. त्याचा चेहरा दिवा मालवल्यासारखा झाला. थकला असेल.

१३ डिसेंबर

परत आणला. मोटारीत माझा आनंद मावत नव्हता. जीभ मोकळी आहे, युक्तिवाद आहे, विनोद आहे, आणि तो कुठून आला ते सांगायला नको. आता फक्त भाषा बदलायची. म्हटलं, "तेच मराठीत म्हणून दाखव. डुकरांचं."

त्यानं तोंड उघडलं. "ड— ड—"

"डुक्कर! डुक्कर!" मी म्हणालो.

पुढच्या बाकावरचे गृहस्थ रागानं मागं वळले. लखीराम खिडकीबाहेर बघायला लागला, तो यवतमाळ येईपर्यंत.

१९ जानेवारी १९६१

अभ्यास करतो. बोलत नाही. मान हलवून हो-नाही सांगतो. आज चहा पिताना मी हंसाबाईजवळ म्हटलं, "मुकं पोर सांभाळल्यासारखं वाटतं."

तिनं कपबशी खाली आपटली. "मुका कायले होईन तो? तुमी त्याले बोलू देल्लं कवा? त्यानं अर्ध वाक्य काहाडलं का उरलेलं अर्ध तुमीच काहाडता. अन् ते बी त्याच्याहून भारी! लेकरानं कायले तोंड उघडावं मंग?"

"मी मदत करतो."

"पान्यात पडलेल्यावर पानी ओतून राह्यले तुमी, अन् म्हनता मदत!"

हंसाबाई चिडली म्हणजे उपमा छान देते. 'चिमट्यां'त वापरता येईल.

२ मार्च, होळी

रस्त्यावर पोरं टिमक्या वाजवत फिरली. मी दार लावून बसलो, आणि बसल्या बसल्या तांड्यावर गेलो.

आमच्याकडे होळीच्या दिवशी लेंगी गातात. गोल धरून नाचायचं आणि गाणी रचून एकमेकांची टिंगल करायची. मी बारा वर्षांचा असताना जुन्या नायकाच्या ढेरीवर लेंगी रचली होती. ढेरी आधी दारातून येते, नायक मागून, असं काहीतरी. माझा बाप हसता हसता जमिनीवर बसला होता. डोळ्यांतलं पाणी पुसत होता, पुन्हा म्हण म्हणत होता. मी सात वेळा म्हटली. तितकी दाद मला पुन्हा कधी मिळाली नाही; 'चिमट्यां'नाही नाही.

बापानं मला कधी विचारलं नाही की तू कोण होणार. मला वाटायचं, त्याला काळजी नाही. आज वाटतं, त्याला मी कोण आहे ते दिसत होतं, म्हणून विचारायची गरज पडली नसेल. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

ती लेंगी आज म्हणून बघितली. पहिली ओळ आली. दुसरी मराठीत आली.

११ एप्रिल

परीक्षा काल संपली. आज कडुनिंबाखाली टेबलावर बसलो. सकाळचे कागद दगडाखाली रचून ठेवलेले असतात, एकेक काढून वाचतो. चौथा कागद काढला. अक्षर ओळखीचं वाटलं. वाटलं आपणच कधीतरी लिहिलेला. तसाच्या तसा उतरवतो.

'मेहेरबान श्री. पूनमसिंग राठोड, अर्जनवीस, यांचे सेवेशी.

अर्जदार लखीराम पूनमसिंग, वय १७, धंदा शिक्षण, याचा नम्र अर्ज ऐसा जे, अर्जदार हा आपला एकुलता मुलगा आहे. अर्जदारास वकील होणे नाही. अर्जदारास काकांकडे राहून शेती करणे आहे. ती त्यास येते. बैल अर्जदाराचे म्हणणे पुरते ऐकून घेतात. अर्जदाराने मॅट्रिकचे सर्व पेपर नीट लिहिले आहेत, ते आपल्यासाठी लिहिले. अर्जदार आपल्यासमोर बोलू शकत नाही, सबब लेखी. अर्जदारास आपला राग नाही. भीती आहे. तरी हुजुरांनी मेहेरबान होऊन अर्जदारास तांड्यावर राहू द्यावे. परवानगी न मिळाल्यास अर्जदार परत येईल, आणि बोलणार नाही. कळावे.'

सवयीनं लाल पेन्सिल उचलली होती. चूक एकही नव्हती.

समोर एक म्हातारी आपली कैफियत सांगत होती. मी तिला म्हटलं, आज टेबल बंद.

१२ एप्रिल

घरी त्याची पेटी नाही. हंसाबाईला ठाऊक होतं. मी अर्ज पुढं केला. तिनं वाचला नाही, नुसता हातात धरून ठेवला. अठरा वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलो की अर्ज करायची वेळ त्याच्यावर येते ज्याला साहेब तोंड उघडू देत नाही. त्या साहेबांवर मी किती 'चिमटे' लिहिले! लोकांना फार आवडले.

२५ एप्रिल

उत्तर लिहायला बसलो. पहिल्या ओळीत विनोद आला. फाडलं. दुसऱ्यात उपदेश आला. फाडलं. तिसऱ्यात दोन्ही आले, आणि भाषा इतकी सुंदर झाली की ती फाडताना जिवावर आलं. हंसाबाई म्हणाली, "लिहू नोका. जा."

"जाऊन काय म्हणू?"

"तेच तं. काहीच म्हनू नोका थोडा वेळ. जमते का पाहा."

१८ मे, तांडा

ऊन कलल्यावर पोचलो. आईला भेटून सरळ शेतात गेलो. लखीराम वखर धरून होता. रान अर्धं वखरून झालं होतं. काळी माती अशी मोकळी पडली होती की बूट काढून चालावंसं वाटलं, आणि काढले. वखराला भार म्हणून आडव्या लाकडावर एक मोठा दगड ठेवला होता. तो बैलांशी बोलत चालला होता. काय नव्हतं त्या बोलण्यात! डाव्याला आळशी म्हणत होता, उजव्याला त्याची उगीच फुगवलेली ऐट दाखवून देत होता, आणि दोघांनाही सांगत होता की सांजेपर्यंत नाल्याच्या काठाला पोचलो नाही तर काका तिघांनाही उपाशी ठेवेल.

मला बघून थांबला. बैल थांबले.

मोटारीत मी एक वाक्य तयार केलं होतं. आमच्या बोलीत, चारच शब्दांचं. तुझा अर्ज मंजूर आहे, एवढंच. मंजूर हा शब्द मात्र कचेरीचा वाटला, म्हणून तो काढून दुसरा घातला होता, आईचा.

पहिला शब्द आला. दुसरा येईना. तोंड उघडं, जीभ टाळूला, आणि शब्द समोर दिसतोय पण हाताला लागत नाही. मराठीतला शब्द पुढं धावत आला, त्याला मागं ढकलला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथंच अडलो. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, साऱ्या जिल्ह्याला चिमटे काढणारा, उघड्या रानात ऊ-ऊ करत उभा.

लखीरामला तो शब्द ठाऊक होता. त्याच्या तोंडावर दिसत होता. त्यानं पुरवला नाही. तो हसला नाही, नजर वळवली नाही. कासरा सैल सोडून उभा राहिला, जणू त्याला दिवसभर दुसरं काही काम नव्हतं.

आला. दुसरा आला, मग तिसरा आला, चौथा रडत आला.

त्यानं ऐकून घेतलं. मान हलवली. मग वाकून वखरावरचा तो दगड दोन्ही हातांनी उचलून बांधाकडे टाकला, लाकडावरची माती हातानं झटकली, त्या जागेकडे बोट केलं आणि म्हणाला,

"बेस, बा."

मी दगडाच्या जागी बसलो. माझ्या वजनाचा कुणाला उपयोग झाला असं या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल. त्यानं बैलांना हाक दिली. वखर मातीत चांगला रुतून चालला. माझ्या डोक्यावरून तो बोलत राहिला: हे रान कसलं, नाल्याकडे ओल किती टिकते, यंदा कपाशी कुठं आणि तूर कुठं. मधे एकदा मला एक फार चांगलं उत्तर सुचलं.

मी दोन्ही हातांनी लाकूड धरून बसलो.